गाडीतल्या स्विचचे दिवे लागत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात आंबोली किंवा माळशेज घाटात रात्री धुकं उतरतं, काचा आतून बाष्पानं भरतात आणि मागच्या काचेच्या डीफॉगरचं बटण अंधारात सापडत नाही. नजर रस्त्यावरून हटते ती अशा वेळी. बटणातला इवलासा दिवा तेवढ्यासाठीच दिलेला असतो. पण हे पान लिहिण्याचं त्याहून मोठं कारण तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, ते उत्तर मात्र नक्की वाचा.

१. माझ्या एसीच्या बटणात दोन दिवे आहेत. त्यातला नेमका कोणता बिघडलाय?

एका बटणात दोन दिवे असतील तर त्यांची सर्किटंही सहसा दोन असतात. एक दिवा रात्रीचा. पार्किंग लाइट लावले की तो बटणावरचं चिन्ह उजळवतो. दुसरा दिवा ते काम चालू असल्याचं सांगतो, म्हणजे एसी चालू केल्यावर दिसणारा पिवळा किंवा हिरवा ठिपका. ठिपका लागतोय आणि चिन्ह अंधारात आहे, तर बिघाड रात्रीच्या सर्किटमध्ये आहे. हे पान त्याच सर्किटबद्दल आहे. चिन्ह उजळतंय पण ठिपका लागत नाही, तर आधी एसी खरंच चालू होतोय का ते बघा.

काही गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराचं पॉवर विंडोचं बटण किल्ली फिरवल्याबरोबर उजळतं, पार्किंग लावा वा न लावा. त्याची लाइन वेगळी असते. तपासताना तिची बाकीच्या दिव्यांशी गल्लत करू नका.

आणि तपासणी भर दुपारी करू नका. दिवा लागलेला असतो, उन्हात दिसत नाही एवढंच. इमारतीच्या तळघरातलं पार्किंग सगळ्यात सोयीचं, नाहीतर डॅशबोर्डवर जाडसर चादर टाकून खाली डोकावा.

२. सगळ्या स्विचचे दिवे एकदम गेले. सुरुवात कुठून करू?

डिमरपासून. मीटरच्या बाजूला किंवा स्टिअरिंगच्या खाली एक छोटी चकती किंवा अधिक-उण्याची बटणं असतात, त्यांनी डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त होतो. गाडी धुताना, सर्व्हिसिंगला किंवा मुलांच्या खेळात ती चकती अगदी तळाला गेलेली असते आणि मालक वायरमन शोधत फिरतो. चकती पूर्ण वर न्या. जुन्या गाडीत तारेचा डिमर असेल तर तो दहा-पंधरा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. त्यानं दिवे लुकलुकले किंवा परत आले, तर डिमरच झिजलाय असं समजा. काही दिवस चालेल आणि पुन्हा जाईल.

डिमर ठीक असेल तर डॅशबोर्डला हात लावू नका. पार्किंग लाइट चालू ठेवून गाडीतून उतरा आणि मागे जाऊन उभे राहा.

३. मागे जाऊन काय बघायचं? स्विचच्या दिव्याचा आणि टेललॅम्पचा संबंध काय?

संबंध फ्यूजचा आहे. अनेक गाड्यांत, विशेषतः जपानी बनावटीच्या आणि त्या घराण्यातून आलेल्या मॉडेलांत, टेललॅम्प, नंबरप्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डवरच्या स्विचचे दिवे एकाच फ्यूजवरून किंवा एकाच रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) पुढून जातात. तो फ्यूज गेला की सगळे एकदम विझतात. हेडलाइटची लाइन वेगळी असल्यानं समोरचा रस्ता नेहमीसारखाच उजळलेला दिसतो. ब्रेक लाइटही वेगळी, त्यामुळे ब्रेक दाबला की मागे तांबडा उजेड पडतो आणि मागून येणाऱ्यालाही क्षणभर सगळं ठीक वाटतं. ब्रेकवरून पाय काढला की गाडी मागून पूर्ण अंधारात.

ड्रायव्हरला आपली मागची बाजू दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की एसीची बटणं आज उजळली नाहीत. ‘बघू रविवारी’ म्हणून तो महामार्गाला लागतो. मागून ताशी ८० किलोमीटरनं येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर अंतर कापतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०५ नुसार मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. त्या वेगाला हे अंतर सात सेकंदांचं. दिवा नसेल तर ट्रकवाल्याला ही गाडी त्याच्या हेडलाइटच्या झोतात आल्यावरच दिसते, म्हणजे हातात दोन-तीन सेकंद उरतात.

म्हणून स्विचचे सगळे दिवे एकदम गेले तर गाडी पुढे नेण्याआधी खाली उतरून टेललॅम्प बघा. सोबत कोणी नसेल तर भिंतीकडे पाठ करून गाडी लावा आणि आरशात तांबडा उजेड पडतोय का ते पाहा, ब्रेकवर पाय न ठेवता. टेललॅम्पही बंद असतील तर हा बिघाड ‘आतल्या दिव्यांचा’ राहिला नाही. रात्रीचा प्रवास तिथेच थांबवा. धोक्याचे चारही इंडिकेटर लावून जवळच्या पंपापर्यंत जाणं हा नाइलाजाचा मार्ग आहे, तसंच घरी पोहोचायचं म्हणून नाही.

टेललॅम्प नीट लागत असतील तर निवांत व्हा. पुढचं सगळं काम सवडीनं करता येईल.

४. फ्यूज कुठे असतो आणि गेलाय हे कसं ओळखायचं?

बहुतेक गाड्यांत दोन फ्यूजबॉक्स असतात, एक बॉनेटखाली बॅटरीजवळ, दुसरा स्टिअरिंगच्या खाली किंवा डॅशबोर्डच्या बाजूला. झाकणाच्या आत नकाशा छापलेला असतो. त्यावर टेल, पार्किंग, पॅनल, इल्युमिनेशन असं काही लिहिलेला फ्यूज शोधा. सगळं बंद करून तो सरळ ओढून काढा. आतली तार तुटलेली किंवा काळी पडलेली असेल तर गेला.

डोळ्यांवर विसंबू नका, असं मी सांगेन. काही वेळा तार पात्याच्या अगदी मुळाशी तुटते आणि दिसत नाही. मल्टिमीटरवर कंटिन्यूटी, म्हणजे तार अखंड आहे का, ते बघा. किंवा फ्यूज जागेवरच ठेवून, पार्किंग चालू करून, त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे १२ व्होल्ट असेल तर फ्यूज चांगला. एकाच टोकाला असेल तर गेलेला. कुठेच नसेल तर बिघाड फ्यूजच्या आधी आहे, म्हणजे रिले किंवा लाइटचा मुख्य दांडा.

५. १० चा फ्यूज सारखा उडतो. २० चा टाकला तर चालेल का?

नाही. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, दिव्याला नाही. स्विचच्या दिव्यांच्या तारा बारीक असतात. २० अँपिअरचा फ्यूज उडण्याआधी ती तार डॅशबोर्डच्या आत तापेल, आवरण वितळेल, आणि तिच्या शेजारच्या चार तारा सोबत नेईल. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून गाडी ‘चालू करून देणारे’ अजून भेटतात. त्यांना हात लावू देऊ नका.

रंग लक्षात ठेवा: ५ अँपिअर फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० तांबडा, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. जुनी गाडी घेतली असेल तर नकाशाशी ताडून बघा. तांबड्याच्या जागी पिवळा बसलेला दिसला, तर आधीच्या मालकानं शॉर्ट (विजेची तार बॉडीला टेकणं) शोधायचं टाळलंय असं धरून चाला.

६. मग शॉर्ट शोधायचा कसा?

आधी विचार करून, मग हत्यारानं. फ्यूज कधी उडतो? पार्किंग लावताच उडत असेल तर तार कायमची बॉडीला टेकली आहे. खड्ड्यातून जाताना किंवा डिकी उघडताना उडत असेल तर तार हलणाऱ्या जागी सोललेली आहे. हा एक प्रश्न नीट विचारला की शोध बराच आवाक्यात येतो.

नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी. तिच्यातून नंबरप्लेटच्या दिव्याची तार जाते आणि डिकी हजारो वेळा उघडून-मिटून ती आतल्या आत तुटते. रबर वरून शाबूत दिसतं, म्हणून कोणी बघत नाही. दुसरी, नंबरप्लेटच्या दिव्याचा होल्डर. त्यावर गाडी धुतानाचं आणि पावसाचं पाणी थेट येतं. तिसरी, बाहेरून बसवलेलं सामान: स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, पायाशी लावलेल्या एलईडी पट्ट्या. यांना वीज हवी असते आणि लावणारा हाताला येईल त्या पार्किंगच्या तारेला काप मारून ती घेतो, वर काळी टेप. आपल्याकडच्या उन्हात टेपचा चिकट डिंक पातळ होतो आणि ती सुटते. चौथी, उंदीर. सोसायटीत गाडी आठवडाभर उभी असली तर बॉनेटखालच्या आणि कार्पेटखालच्या तारा तपासाच.

दिसून सापडला नाही तर जुन्या वायरमनची पद्धत वापरा. उडालेल्या फ्यूजच्या जागी दोन तारा जोडून २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. हा बल्ब जेमतेम पावणेदोन अँपिअर जाऊ देतो, त्यामुळे शॉर्ट असला तरी तार तापत नाही आणि फ्यूजचा डबा संपत नाही. शॉर्ट असताना बल्ब लख्ख पेटेल. आता एकेक कपलर (तारांचा प्लगसारखा जोड) काढत चला: आधी बाहेरून लावलेलं सामान, मग डिकीचा कपलर, मग टेललॅम्प, शेवटी डॅशबोर्डचे. ज्या कपलरनंतर बल्ब एकदम मंद होईल, शॉर्ट त्याच शाखेत आहे. शॉर्ट गेल्यावरही बल्ब थोडा मिणमिणेल, कारण टेललॅम्पचा नेहमीचा भार त्याच्यातून जात असतो. तो दोष समजू नका.

ही पद्धत जुन्या, साध्या फ्यूजच्या गाड्यांसाठी आहे. दिवे कंट्रोल युनिटवरून (गाडीतल्या छोट्या संगणकावरून) चालत असतील तर तिथे ती वापरू नका. त्याबद्दल प्रश्न १४ बघा.

७. फक्त एकाच बटणाचा दिवा गेलाय. बाकी सगळे ठीक.

मग फ्यूज, रिले, डिमर सगळे सुटले. बटणातला बल्ब किंवा त्याचा कपलर, एवढंच उरलं.

जुन्या गाड्यांत १.२ वॉटचे मण्याएवढे बल्ब असतात. काही नुसते खोचलेले, काही प्लास्टिकच्या होल्डरसकट पाव फेरी फिरवून निघणारे. घड्याळवाल्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर त्या खाचेत बरोबर बसतो. बल्ब काढून मल्टिमीटरवर ओहम मोजा. थंड असताना दहा-पंधरा ओहमच्या आसपास रोध दिसला तर तार शाबूत. काहीच दिसलं नाही तर गेला. दुकानात जाताना जुना बल्ब होल्डरसकट न्या. दिसायला सारख्या होल्डरांत एक-दोन मिलिमीटरचा फरक असतो आणि तो घरी आल्यावर कळतो.

बटण काढताना लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको. प्लास्टिकची पट्टी वापरा, कडेला मास्किंग टेप लावा, आणि क्लिप कोणत्या बाजूला आहेत हे आधी शोधा. डिसेंबरातल्या पहाटे प्लास्टिक ठिसूळ असतं. गाडी तासभर उन्हात ठेवली तर क्लिप तुटण्याची भीती बरीच कमी होते.

८. त्याच जागी एलईडी बसवला तर?

बसवता येतो, पण तीन गोष्टी आधी माहीत हव्यात.

एलईडीला दिशा असते. उलटा बसला तर लागत नाही, बिघडतही नाही बहुधा. काढून फिरवून लावा. नवा बल्ब खराब निघाला म्हणून परत करण्याआधी हे करून बघा.

दुसरी गोष्ट डिमरची. तारेचा बल्ब कमी व्होल्टेजला हळूहळू मंद होतो. एलईडी बराच वेळ तसाच उजळ राहतो आणि मग एका टप्प्याला अचानक विझतो. निम्मे बल्ब आणि निम्मे एलईडी असतील तर डॅशबोर्ड कधीच एकसारखा दिसणार नाही. बदलायचे तर सगळे बदला.

तिसरी रंगाची, आणि इथे बहुतेकांची निराशा होते. मूळ बल्बवर अनेकदा हिरवी किंवा नारिंगी रबरी टोपी असते, किंवा चिन्हामागची पट्टीच रंगीत असते. तारेच्या बल्बच्या उजेडात सगळे रंग असतात, पट्टी त्यातला आपला रंग पुढे जाऊ देते. निळ्या एलईडीत नारिंगी रंग जवळजवळ नसतोच, म्हणून नारिंगी पट्टीमागे तो लावला तर बटण काळंच राहतं. पट्टीच्या रंगाचाच किंवा पांढरा एलईडी घ्या.

९. माझ्या स्विचमध्ये बल्ब नाही, सर्किटवरच एलईडी सोल्डर केलेला आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या गाड्यांत हेच जास्त दिसतं. एलईडी स्वतः क्वचित जातो. त्याच्या मालिकेतला रोधक किंवा सोल्डरचा सांधा जातो. भिंगातून पाहिलं तर सांध्याभोवती केसासारखी गोल चीर दिसते. तिथे नवं सोल्डर दिलं की काम झालं.

एलईडी बदलायचाच असेल तर हिशेब सोपा आहे. गाडी चालू असताना व्होल्टेज १४.४ पर्यंत जातं. पांढरा एलईडी सुमारे ३.२ व्होल्ट घेतो, उरले ११.२. बटण उजळायला १० मिलिअँपिअर भरपूर झाले. ११.२ ला ०.०१ नं भागलं की ११२० ओहम येतात, म्हणून बाजारात मिळणारा १.२ किलो-ओहम, पाव वॉटचा रोधक घ्या. हिशेब १२ व्होल्टवर करू नका, कारण गाडी चालू असताना व्होल्टेज सहसा १२ हून जास्त असतं.

सोल्डरिंगचा हात नसेल तर टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे बटण घेऊन जा. ऑटो इलेक्ट्रिशियन बहुधा पूर्ण स्विच बदलायला सांगेल. त्याचंही चूक नाही, पण नुसत्या दिव्यापायी चालता स्विच फेकणं मला पटत नाही.

१०. मीटरवर १२ व्होल्ट दिसतात, तरी दिवा लागत नाही. असं कसं?

हा प्रश्न विचारणारा योग्य वाटेवर आहे. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. दहा धाग्यांपैकी एकच धागा उरलेल्या, हिरव्या पडलेल्या तारेतूनही त्याला १२ व्होल्ट दिसतील. भार लावला की तेच व्होल्टेज कोसळतं. म्हणून कपलर काढून मोजू नका. दिवा जोडलेला असताना, कपलरच्या मागच्या बाजूनं बारीक पिन घालून मोजा.

आधी बल्बच्या दोन्ही पिना बॉडीच्या तुलनेत वेगवेगळ्या मोजा. एकीवर १२, दुसरीवर शून्याजवळ, आणि दिवा बंद: बल्ब गेला. दोन्हींवर १२: वीज येतेय पण परतीची वाट तुटली आहे, म्हणजे अर्थ (बॉडीला जोडलेली ऋण तार) किंवा अर्थच्या बाजूला बसवलेला डिमर. दोन्हींवर शून्य: वीज पोहोचतच नाही. आणि दिवा मंद लागत असेल तर डिमर पूर्ण वर ठेवून अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर बॉडीला लागलेला अर्थचा नट खोला, रंग आणि गंज घासून काढा, पुन्हा घट्ट करा.

एवढं एक मोजमाप शिकलात तर गाडीतले निम्मे इलेक्ट्रिकल बिघाड स्वतः ओळखाल.

११. नवा स्टिरिओ बसवल्यापासून डिमर चालत नाही. योगायोग?

नाही. स्टिरिओच्या मूळ कपलरमध्ये उजेडासाठी एक किंवा दोन तारा असतात. दोन असतील तर त्यातली एक पार्किंगची वीज आणते आणि दुसरी डिमरकडे परत जाते. ही दुसरी तार दिसायला अर्थसारखी, पण ती अर्थ नाही. बसवणाऱ्यानं ती काळ्या तारेसोबत पिळून बॉडीला जोडली की डिमरला बगल मिळते. सगळे दिवे कायम पूर्ण प्रखर राहतात, चकती फिरवा वा न फिरवा. आणि वीज आणणारी तार बॉडीला लागली तर फ्यूज जातो, त्यासोबत टेललॅम्पही.

उपाय साधा. डिमरकडे जाणारी तार वेगळी काढून टेप न लावता श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आक्रसणारी नळी) चढवून बंद करा. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना तिची गरज नसते.

१२. पॉवर विंडोच्या चार बटणांपैकी एकच उजळतं. बाकी तीन दुरुस्त कशी करू?

बहुधा दुरुस्त करण्यासारखं काही नाही. अनेक मॉडेलांत कंपनीनं फक्त ड्रायव्हरच्या काचेच्या बटणात दिवा दिलेला असतो. त्याच मॉडेलची दुसरी गाडी रात्री बघा आणि मग ठरवा.

आधी उजळत होती आणि आता नाही, असं असेल तर दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी उघडा. बरोबर आरसा, सेंट्रल लॉक किंवा स्पीकरही अधूनमधून बंद पडत असेल तर तार तिथेच तुटली आहे. दार सावकाश उघडत-मिटत दिवा बघा.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक कारण असतं. काच थोडी खाली राहून पाऊस थेट बटणांवर पडतो. पाण्यानं तांब्यावर हिरवट-पांढरा थर चढतो. बॅटरीचं ऋण टोक काढा, बटण खोला, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, मऊ ब्रशनं घासा आणि पूर्ण वाळू द्या. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा डबा इथे नको, तो तेलकट थर मागे ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. बॅटरी परत जोडल्यावर काच एका स्पर्शात वर जाईनाशी झाली तर घाबरू नका. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की बऱ्याच गाड्यांत ती सोय परत येते.

१३. स्टिअरिंगवरच्या बटणांचे दिवे गेलेत. स्वतः उघडू?

नको. त्या बटणांच्या तारा स्टिअरिंगमागच्या गुंडाळलेल्या पट्टीतून जातात आणि एअरबॅगची तार तिच्याच सोबत असते. पिवळा कपलर किंवा पिवळी नळी दिसली तर समजा ती एअरबॅगची. तिला टेस्ट लॅम्प (वीज तपासायचा दिवा) तर नाहीच, मल्टिमीटरची पिनही लावायची नाही. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या गाडीला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे आजच्या बहुतेक गाड्यांना हे लागू आहे. दिव्यांसोबत हॉर्नही बंद पडला असेल आणि मीटरवर एअरबॅगची खूण पेटली असेल, तर ती पट्टीच तुटली असणार. सर्व्हिस सेंटर गाठा.

१४. नव्या गाडीत फ्यूज चांगला, तार चांगली, तरी दिवे बंद. आता?

नव्या गाड्यांत दिव्यांना वीज बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे प्रश्न ६ मधलं कंट्रोल युनिट, देतं. शॉर्ट झाला की ते स्वतःच ती लाइन बंद करतं, फ्यूज उडत नाही. आणि उजेड कमी करताना व्होल्टेज कमी करत नाही, वीज सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतं. साधा मल्टिमीटर त्याची सरासरी दाखवतो, म्हणून ६ व्होल्ट दिसले तर तो दोष नाही, डिमर मध्यावर आहे एवढंच. इथे जुना बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका. त्याचा करंट मॉड्यूलच्या आउटपुटला झेपेलच असं नाही. एलईडीचा टेस्टर किंवा मीटर वापरा. पुढचं काम स्कॅनरचं आहे. त्यावर दोषाचा कोड वाचता येतो आणि डिमर किती टक्के दाखवतोय तेही दिसतं.

फोक्सवॅगन, स्कोडा किंवा इतर जर्मन वळणाच्या गाडीचा वायरिंगचा नकाशा हाती आला तर त्यावर आकडे दिसतील. ते जर्मन मानक डीआयएन ७२५५२ चे आहेत: ३० म्हणजे कायमची वीज, १५ इग्निशनची, ३१ अर्थ, ५८ पार्किंगची, आणि ५८डी ही डिमरमधून आलेली स्विचच्या दिव्यांची लाइन. नकाशात ५८डी धरून चाललात की वाट चुकत नाही.

१५. दिवसा हेडलाइट लावले की डॅशबोर्ड मंद होतो. बिघाड आहे का?

नाही. दिवे लागले म्हणजे रात्र झाली, असं धरून गाडी उजेड कमी करते. डिमर पूर्ण वर नेला की काही गाड्यांत तो मंद होणं थांबतं.

१६. उलटा प्रश्न: गाडी बंद केली तरी स्विचचे दिवे विझत नाहीत.

हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल. लाइटचा दांडा बंद असताना पार्किंगचा रिले काढून बघा. दिवे विझले तर रिले चिकटलेला असू शकतो. त्याच आकड्याचा दुसरा रिले लावून खात्री करा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांत इंडिकेटरचा दांडा एका बाजूला राहिला आणि किल्ली काढली, तर त्या बाजूचे पार्किंग लाइट चालू राहतात. ती सोय आहे, दांडा मध्यावर आणा. हे काहीच नसेल तर बाहेरून बसवलेल्या सामानातून पार्किंगच्या तारेत उलटी वीज शिरतेय का ते तपासा. गाडी बंद करून सगळे मॉड्यूल झोपल्यावर बॅटरीतून साधारण ५० मिलिअँपिअरहून जास्त करंट जाऊ नये.

१७. जुनी गाडी घेतोय. स्विचच्या दिव्यांवरून काही कळतं का?

बरंच कळतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. अशा गाड्या धुऊन, गाद्या बदलून पुन्हा बाजारात येतात. सीट बदलता येते, पण डॅशबोर्डच्या खालच्या अंगाचा प्रत्येक कपलर कोणी बदलत नाही.

व्यवहार अंधार पडल्यावर करा, किंवा गाडी तळघरात न्यायला सांगा. पार्किंग लावून डिमर वर-खाली करा. कन्सोलच्या खालच्या ओळीतली बटणं, गिअरजवळचे दिवे आणि दारांची बटणं मंद, आणि वरची सगळी ठणठणीत असतील, तर एक खालचं बटण काढून कपलर बघू द्या म्हणा. पिनांवर हिरवट थर किंवा आत वाळलेला बारीक गाळ दिसला तर विमा कंपनीकडे त्या गाडीच्या नावावर आधीचा दावा आहे का ते विचारा. बघू द्यायलाच मालक तयार नसेल, तर त्या भावात ती गाडी घेऊ नका.

१८. वायरमनकडे नेताना काय सांगू?

‘लाइटचा प्रॉब्लेम आहे’ एवढंच सांगू नका. कोणते दिवे गेले आणि कोणते चालू आहेत, टेललॅम्प लागतात का, एकदम गेले की एकेक, पावसानंतर गेले की काही नवीन बसवल्यानंतर, फ्यूज उडतो का आणि नेमका कधी, हे एका कागदावर लिहून न्या. तारेला काप मारून नवी तार ओढण्याआधी विचारायला सांगा, आणि जोड दिलाच तर सोल्डर किंवा क्रिम्प करून वर स्लीव्ह हवी हे आधीच ठरवा. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर तार कापू देऊ नका, आधी डीलरकडे न्या. काम झाल्यावर पैसे देण्याआधी पार्किंग लावून एकदा गाडीच्या मागे जाऊन या.